मुलांची ऑनलाइन सुरक्षितता

इंटरनेट वापरणाऱ्या मुलांना लैंगिक शोषण, छळ, फसवणूक आणि वयाला न झेपणारा मजकूर यांपासून जपण्यासाठी घर, शाळा, कंपन्या आणि सरकारे जे उपाय करतात, ते सगळे या विषयात येतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले हक्क ऑनलाइन जगातही लागू आहेत, असे बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यात संरक्षण आहे, तसाच माहितीचा आणि खासगीपणाचा हक्कही आहे. त्यामुळे नुसती बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही.

अभ्यासक धोक्यांचे चार गट पाडतात: मूल काय पाहते, त्याला कोण गाठते, मुले एकमेकांशी कशी वागतात आणि कंपन्या त्यांच्याकडून कोणती माहिती व किती वेळ काढून घेतात. यांतला दुसरा गट सर्वांत घातक. त्याची रीत ठरलेली असते. ओळख बऱ्याचदा गेमच्या चॅटमध्ये किंवा सोशल मीडियावर होते. समोरचा आपण त्याच वयाचे असल्याचे भासवतो, गेममधली नाणी भेट देतो, घरच्यांविषयीची गाऱ्हाणी मन लावून ऐकतो. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’, मग ‘कोणाला सांगू नकोस’, आणि मग फोटोची मागणी. एक फोटो हाती लागला की सूर बदलतो: पैसे दे, नाहीतर तुझ्या मित्रांना पाठवतो. पैशांसाठीच्या या ब्लॅकमेलला किशोरवयीन मुलगे मोठ्या संख्येने बळी पडतात. फक्त मुलींना सावध करणारी घरे इथेच चुकतात.

अशा वेळी पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढते. धमकीचे मेसेज आणि समोरच्याच्या अकाउंटचे नाव जपून ठेवावे, त्याला ब्लॉक करावे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नये. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त अंकीय ठसा, म्हणजे फोटोवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा संकेत, सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्यांना आपल्याकडची प्रत शोधून हटवता येते. ठशाचे हे तंत्र जुने आहे. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजमधील संगणकतज्ज्ञ हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये फोटोडीएनए तयार केले. फोटोचा आकार बदलला तरी ते त्याला ओळखते. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये मात्र कंपनीला मजकूरच दिसत नाही, त्यामुळे तिथे या सेवेचा हात पोहोचत नाही.

म्हणून सगळा भार मुलाने वेळेवर सांगण्यावर येतो. मुले गप्प राहतात त्यामागे लाज असते, आणि फोन काढून घेतला जाईल ही भीतीही असते. ‘काहीही झाले तरी मला सांग, मी रागावणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही’ हे संकट येण्याआधीच सांगून ठेवलेले हवे, आणि पाळलेही पाहिजे. पॅरेंटल कंट्रोल, म्हणजे मुलाच्या फोनवर पालकांनी घातलेली बंधने, लहान मुलांसाठी उपयोगी आहे, पण मित्राच्या फोनवर ते चालत नाही.

बहुतेक सोशल मीडियावर १३ वर्षांची अट दिसते, तिचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात आहे: त्याहून लहान मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. जन्मसाल खोटे टाकून ही अट सहज ओलांडली जाते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून प्रमुख सोशल मीडियावर १६ वर्षांखालील मुलांच्या अकाउंटना मनाई केली असून जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे.

पालकांकडूनही धोका होतो, याकडे फार कमी लक्ष जाते. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या फोटोत गणवेशावरचे बोधचिन्ह, मागे घराचा दरवाजा आणि खाली मुलाचे पूर्ण नाव असेल, तर अनोळखी माणसाला त्याला गाठायला तेवढे पुरते. फ्रान्सने २०२४ मध्ये मुलांच्या छायाचित्रांबाबत कायदा केला. आईवडिलांत मतभेद असल्यास एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाचे फोटो टाकू नयेत, अशी मनाई न्यायाधीश करू शकतो.