षड्ज का थरथरतो?

पणजी आकाशवाणीची स्वरपरीक्षा असो नाहीतर कला अकादमीची भजन स्पर्धा, आत बोलावणे आले की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. घरी निवांत लागणारा षड्ज, म्हणजे सा, तिथे थरथरतो. पेटीवर बोटे गार पडतात, तबलजीचा तळहात घामाने चिकटतो. मग कुणीतरी म्हणते, "रियाज कमी पडला." होतकरू मुलांच्या मनाला हे वाक्य फार लागते, आणि बहुतेक वेळा ते खरेही नसते.

तळहात पालथा करून बोटे पसरा आणि त्यांवर एक कागद ठेवा. कागदाच्या कडा हलताना दिसतील. निरोगी हातालाही असा बारीक कंप सतत असतो, सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा. एरवी तो जाणवत नाही. परीक्षकांची नजर मेंदूला धोक्यासारखी वाटली, की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात. ते स्नायूंतल्या बीटा ग्राहींवर, म्हणजे त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, काम करते आणि तोच कंप मोठा होतो. त्वचेकडचा रक्तपुरवठा आटतो म्हणून बोटे गारठतात, लाळ कमी होते म्हणून घसा कोरडा पडतो. गवयाचे आणखी अवघड, कारण श्वास उथळ होतो आणि त्याच श्वासावर स्वर तोलायचा असतो. द्रुत तानेत हे लपून जाते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालातला पहिला लांब सा किंवा व्हायोलिनवर सावकाश ओढलेला गज मात्र सगळे उघड करतो.

थरथर दाबायला अंग आवळून धरले की ती वाढते, कारण एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू एकाच वेळी ताठतात.

यावर गोळ्या आहेत. 1977 साली 'लॅन्सेट'मध्ये 24 वादकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑक्सप्रेनोलॉल हे बीटा ग्राही अडवणारे औषध घेतल्यावर त्यांची स्टेजवरची भीती कमी झाली आणि वादन सुधारले. पण याच गटातली काही औषधे दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतात, आणि नाडी किंवा रक्तदाब मुळात कमी असणाऱ्यालाही त्रास देतात. शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी परीक्षेच्या सकाळी घेणे हा निव्वळ अविचार आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

माझा भर सवयीवर आहे. जिना भरभर चढून या आणि धाप लागलेली असतानाच तंबोरा लावून सा धरा. धडधडत्या छातीने गायचे कसे, हे शरीराला असेच कळते. माणसांसमोर गाण्याची सवय तर गोव्यात आयती मिळते. चवथीला घरोघरी घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर आरत्या म्हणणारी पोरे नकळत हाच सराव करत असतात. गावच्या देवळातले भजन, वास्कोचा दामोदर सप्ताह, जिथे संधी मिळेल तिथे बसावे. परीक्षेची चीज, म्हणजे बंदिश, आधी अशा चार ठिकाणी गाऊन झालेली असावी.

आत जाण्यापूर्वी श्वास चार मोजून घ्यावा, सहा मोजून सोडावा. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. बोटे कोमट पाण्यात शेकावीत, आणि चहा-कॉफीने कंप वाढतो म्हणून त्या वेळेपुरती टाळावी. "शांत हो" असे स्वतःला बजावण्यात अर्थ नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधल्या एका अभ्यासात, कॅराओके गाण्यापूर्वी "मला हुरूप आलाय" असे मोठ्याने म्हणणाऱ्यांचे गाणे "मी घाबरलोय" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. धडधड तीच होती, नाव तेवढे बदलले.

रक्तातले अॅड्रेनालिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येते, पण भीती चालू राहिली तर नवे सुटत राहते. म्हणून वेळ पुरेसा असेल तर सुरुवातीला आलापाची साधी, मंद्र-मध्यातली, म्हणजे खालच्या-मधल्या सप्तकातली जागा घ्यावी, वरचे तार सप्तक मागे ठेवावे. आणि लय! छाती धडधडत असताना नेहमीची लय संथ वाटते आणि माणूस चढ्या लयीत सुरू करतो. तबलजींना मात्रा देण्याआधी बंदिशीची पहिली ओळ मनात पूर्ण म्हणून घ्यावी, मगच हाताने लय दाखवावी.