८६०३२ची भावकी

कोल्हापूर-सांगलीकडे बैलावरून दारी येणारा हेळवी घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सांगतो. उसाच्या फडालाही असा हेळवी भेटायला हवा होता. बांधाच्या अल्याडपल्याडचे वेगळ्या नावांचे दोन ऊस एकाच घरातले निघाले असते.

आपली उसाची जात को ८६०३२च घ्या. ‘को’ म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल, पुढचा आकडा त्या सालातला क्रमांक. आई को ६२१९८. वडील कोसी ६७१, म्हणजे साखरेच्या उताऱ्यासाठी गाजलेली जुनी ६७१. याच जोडप्याची दुसरी लेक को ८७०४४ आणि तिच्या तुऱ्यातून निघाली पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची फुले २६५. म्हणजे २६५ ही ८६०३२ची सख्खी भाची! २६५चा बाप मात्र कागदावर नाही. आईचा तुरा वाऱ्यावर मोकळा होता, पराग कुणाचा आला ते वाऱ्यालाच ठाऊक.

आता वर चढू. ६७१ची आई क्यू ६३ ही ऑस्ट्रेलियातली, बाप को ७७५. या ७७५ची आई थेट जावा बेटावरची, पीओजे २८७८. जावातला जाड, गोड ऊस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेरेह रोगानं बसला होता. कासूर नावाचा एक ऊस मात्र रोगाला दाद देत नव्हता. तो गोड ऊस आणि रानगवत यांचा आपोआप झालेला संकर होता. डच शास्त्रज्ञांनी त्याचा वंश गोड उसाशी पुन्हा पुन्हा जुळवला आणि १९२१च्या संकरातून २८७८ मिळाली. कासूर हा तिचा आजोबा.

इकडे कोइमतूरला १९१२मध्ये ऊस पैदास केंद्र निघालं. तिथले शास्त्रज्ञ बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड वेल्लई उसावर तिथल्याच रानटी गवताचा पराग टाकला. त्यातून आलेली को २०५ ही १९१८ साली पंजाबच्या शेतात गेली. बारीक, पण काटक.

या सोयरिकीत एक गंमत आहे. गोड उसात ८० गुणसूत्रं असतात. एरवी आई आपली निम्मी देते. इथे गोड उसाची मादी बहुधा सगळीच्या सगळी देऊन टाकते, रानटी बाप निम्मीच. त्यामुळे गोडवा लवकर परत येतो आणि काटकपणा थोडा मागे उरतो. आजच्या जातींत साधारण १०० ते १३० गुणसूत्रं सापडतात, रानटी वाटा त्यातला जेमतेम १० ते २० टक्के. इतक्या खिचडीतून दोन बिया सारख्या निघणं जवळजवळ अशक्यच. म्हणून हजारो रोपं लावायची, वर्षानुवर्षं नाकारत जायची आणि दहा-बारा वर्षांनी एखादी जात हाती लागायची. शेतकऱ्याला तुरा नकोसा, कारण ऊस पोकळ होतो, वजन घटतं. पैदासकार मात्र तुऱ्याच्याच शोधात असतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं संकराचं केंद्र आंबोलीला काढलं ते त्याचसाठी.

एकदा निवड झाली की बी विसरायचं, पुढे सगळी टिपरी, म्हणजे कांडीचे डोळेवाले तुकडे लावायचे. तुमच्या रानातली ८६०३२ आणि तमिळनाडूतली ८६०३२ हे एकाच रोपाचे डोळे. म्हणूनच रोग एका फडात शिरला की दुसऱ्यात त्याला नव्यानं काही शिकावं लागत नाही. उत्तर प्रदेशात को ०२३८नं बहुतेक क्षेत्र व्यापलं होतं. तिला लाल कूज हा बुरशीचा रोग लागला आणि कारखान्यांची झोप उडाली. ०२३८चा बाप कोण? तोच को ७७५. म्हणजे ती ६७१ची सावत्र बहीण. आणि ६७१लाही लाल कुजीनंच गाठलं होतं. दोघींनी ही कमजोरी बापाकडूनच घेतली असं म्हणता येणार नाही, पण भावकी लहान आहे एवढं दिसतं.

त्यामुळे भावकीत नवं रक्त आणायला कोइमतूरचे शास्त्रज्ञ अजूनही नदीकाठचं रानटी गवत गोळा करत फिरतात. केरळात कन्नूरला जगभरच्या उसांचा संग्रह जपलाय. तिथल्या रानटी उसाची बोटाएवढी, बेचव कांडी हातात घेतली तर कुणी चघळणारही नाही.