ओसीआय कार्डधारक विद्यार्थ्यांसाठी भारतातील एमबीबीएस प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडात वाढलेल्या मुलाला पुण्यात किंवा कोल्हापुरात एमबीबीएस करायचे ठरले, की बहुतेक मराठी घरांत एक गोष्ट गृहीत धरली जाते. मुलाकडे परदेशी पासपोर्टही आहे आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डही आहे, म्हणजे त्याचे नागरिकत्व दुहेरी आहे आणि प्रवेशाच्या वेळी त्याला भारतीय विद्यार्थ्यांप्रमाणेच वागवले जाईल, असे ते गृहीतक असते. कायद्याची स्थिती तशी नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ओसीआय कार्डामुळे मिळतात ते आजीवन प्रवेशाचा व्हिसा आणि काही बाबतींत अनिवासी भारतीयांइतके हक्क. मतदान, शेतजमिनीची खरेदी आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी हे हक्क त्यात येत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाचा हक्क त्यात येतो, पण किती प्रमाणात, हे कार्ड कधी मिळाले यावर अवलंबून असते.

खऱ्या अर्थाने दोन नागरिकत्वे असलेला एक छोटा गट मात्र आहे. परदेशात जन्मलेल्या ज्या मुलाची नोंदणी आईवडिलांनी भारतीय दूतावासात करून घेतली आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे लिहून दिले, ते मूल अज्ञान (१८ वर्षांखालील) असेपर्यंत भारतीय नागरिक असते, आणि जन्मभूमीच्या कायद्यानुसार त्याच वेळी त्या देशाचेही नागरिक असू शकते. कलम ४ मधील तरतुदीनुसार अशा मुलाला सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. न सोडल्यास भारतीय नागरिकत्व जाते. हा निर्णय नेमका बारावी आणि नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या सुमारास घ्यावा लागत असल्याने या गटातील पालकांनी तो अखेरच्या आठवड्यावर ढकलू नये.

कार्डावरची तारीख आणि ४ मार्च २०२१

२०२१ पर्यंत ओसीआय कार्डधारक विद्यार्थी नीट देऊन सर्वसाधारण प्रवर्गातील जागांवरही दावा सांगू शकत होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने ४ मार्च २०२१ रोजी काढलेल्या अधिसूचनेने ही स्थिती बदलली. तिच्यानुसार ओसीआय कार्डधारकांना नीट, जेईई यांसारख्या परीक्षा देता येतात, परंतु प्रवेश केवळ एनआरआय (अनिवासी भारतीयांसाठीच्या) जागांवर किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा वाढीव) जागांवरच मिळतो. फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर त्यांचा हक्क राहत नाही. या अधिसूचनेला आव्हान दिले गेले आणि ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अशी अधिसूचना काढण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, मात्र ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू होणार नाही, म्हणजेच ज्यांना ४ मार्च २०२१ पूर्वी ओसीआय कार्ड मिळाले होते त्यांचे आधीचे हक्क कायम राहतील, असे स्पष्ट केले.

याचा व्यवहारातला परिणाम फार मोठा आहे. समजा, न्यू जर्सीतील एकाच घरातील थोरल्या बहिणीचे कार्ड २०१२ मध्ये निघाले आणि धाकट्या भावाचे काम "पुढच्या भारतभेटीच्या आधी करू" म्हणता म्हणता २०२२ मध्ये झाले. दोघांचा जन्म, शाळा आणि पासपोर्ट एकाच देशाचा असूनही बहिणीला अखिल भारतीय कोट्यातील सर्वसाधारण जागेसाठी अर्ज करता येतो, तर भावाला फक्त एनआरआय जागेसाठी. शुल्कातील तफावत लक्षात घेता, कोणत्याही क्लासचे पैसे भरण्याआधी कार्ड काढून ती तारीख पाहणे हे पहिले काम आहे.

येथे एक बारकावा आहे. पासपोर्टचे नूतनीकरण झाल्यावर किंवा कार्ड हरवल्यावर ते पुन्हा दिले जाते आणि नव्या कार्डावर नवी तारीख येते. त्यामुळे जुने कार्ड, निदान त्याची दोन्ही बाजूंची सुस्पष्ट प्रत आणि पहिल्या नोंदणीचा पुरावा जपून ठेवावा. ज्यांच्याकडे पूर्वी पीआयओ (भारतीय वंशाची व्यक्ती) कार्ड होते त्यांनीही ते टाकून देऊ नये, कारण ९ जानेवारी २०१५ रोजी ती योजना ओसीआयमध्ये विलीन करण्यात आली आणि तेव्हाच्या पीआयओ कार्डधारकांना ओसीआय कार्डधारक मानण्यात आले.

गोव्यातील काही कुटुंबांना हीच तारीख वेगळ्या वाटेने आडवी येते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांना भारतीय पासपोर्ट रद्द झाल्यामुळे सरेंडर सर्टिफिकेट (पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र) मिळत नव्हते आणि त्यावाचून ओसीआयचा अर्ज अडत होता. परराष्ट्र मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची मुभा देऊ केली होती. पण यानंतर निघालेले प्रत्येक कार्ड २०२१ नंतरचेच असणार. असे कार्ड घेणाऱ्या विद्यार्थ्याची सगळी शाळा मडगावात झाली असली, तरी २०२१ च्या अधिसूचनेपुढे त्याचा उपयोग नाही.

शैक्षणिक पात्रता

प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावी किंवा समकक्ष परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. अमेरिकेतील शाळांत ही अट सर्वाधिक त्रासदायक ठरते, कारण तिथे विज्ञानाचा एकेक विषय एकेका वर्षात संपवण्याची पद्धत आहे आणि पुष्कळ मुले जीवशास्त्र नववीतच उरकून मोकळी होतात. म्हणून दहावीत विषय निवडतानाच अकरावी आणि बारावीच्या गुणपत्रकावर तिन्ही विज्ञान विषय प्रात्यक्षिकांसह दिसतील अशी आखणी करावी. शाळेच्या समुपदेशकाला हे माहीत असेलच असे नाही. त्याला ते पालकांनीच सांगावे लागते.

परदेशी मंडळाची परीक्षा बारावीशी समकक्ष आहे, हे भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या प्रमाणपत्राने सिद्ध करावे लागते. अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा, केंब्रिजचे ए लेव्हल, आयबी डिप्लोमा अशा सगळ्यांनाच ते लागते. दिल्लीच्या या संस्थेकडे अर्ज ऑनलाइन करता येतो, परंतु निकाल परीक्षेनुसार जून ते ऑगस्टमध्ये हाती येणार आणि समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्या त्याच सुमारास सुरू होणार, हे लक्षात घेऊन मधल्या वर्षांची गुणपत्रके आधीच गोळा करून ठेवावीत. प्रमाणपत्र नसल्याने हातची जागा गेली, असे होऊ देण्यात काही अर्थ नाही.

नीटचा अर्ज आणि परीक्षा

नीटला पर्याय नाही. एनआरआय जागा असो, खासगी महाविद्यालय असो वा अभिमत विद्यापीठ असो, नीटमधील किमान पर्सेंटाइलशिवाय एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही. नीट घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारतीय, एनआरआय, ओसीआय आणि परदेशी नागरिक असे पर्याय असतात. कार्डधारकाने तिथे ओसीआय हाच पर्याय निवडावा. "भारतीय लिहिले तर फायदा होईल" असा सल्ला देणारे भेटतात. पण कागदपत्रांच्या पडताळणीत परदेशी पासपोर्ट समोर आल्यावर तो सल्ला अंगाशी येतो.

नावाबाबत मराठी कुटुंबांत हमखास घोळ होतो. भारतातील कागदपत्रांवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, तर अमेरिकन पासपोर्टवर मधले नाव कधी वडिलांचे, कधी वेगळेच, तर कधी नसतेच. अर्जातील नाव पासपोर्टप्रमाणे ठेवावे, शाळेचे गुणपत्रक त्याच्याशी जुळते का ते पाहावे आणि जुळत नसल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे. आईच्या लग्नाआधीच्या नावाचा प्रश्न असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रही जोडीला ठेवावे.

परीक्षा मे महिन्याच्या आरंभी होते. परदेशातील केंद्रे गेल्या काही वर्षांत आखाती देश, सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, काठमांडू, कोलंबो अशा ठिकाणी देण्यात आली; अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा त्यांत नव्हते. त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी विमान पकडणे भागच पडते. भरीस भर म्हणजे अमेरिकेतील शाळांतल्या एपी (कॉलेज पातळीच्या) परीक्षा नेमक्या मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात, तेव्हा शाळेकडून उशिराच्या परीक्षेची परवानगी वेळेत मागून ठेवावी.

समुपदेशन आणि कागदपत्रे

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि देशभरातील अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी करते. पिंपरी, नवी मुंबई आणि कोल्हापूर येथील डी. वाय. पाटील, पुण्याचे भारती विद्यापीठ, कराडचे कृष्णा, लोणीचे प्रवरा, वर्ध्याजवळील सावंगी मेघे ही अभिमत विद्यापीठे याच यादीत येतात, त्यामुळे महाराष्ट्रात शिकू इच्छिणाऱ्या २०२१ नंतरच्या कार्डधारकाने आधी एमसीसीच्या संकेतस्थळाकडे वळावे. अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी करताना आतापर्यंत ५ हजार रुपये ना-परतावा शुल्क आणि २ लाख रुपये अनामत घेतली गेली आहे. परतावा ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जातो, म्हणून काकांचे किंवा एजंटचे कार्ड वापरू नये.

राज्यातील खासगी महाविद्यालयांच्या संस्था कोट्यात एनआरआय जागांचा समावेश असतो आणि ते प्रवेश महाराष्ट्राचा सीईटी सेल करतो. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी मात्र दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास प्रमाणपत्र या मूळ अटी आहेत; परदेशात शिकलेल्याने आजोळ साताऱ्याचे आहे एवढ्या भरवशावर तिकडे वेळ घालवू नये.

कागदपत्रांत नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, परदेशी पासपोर्ट, ओसीआय कार्ड, जन्मदाखला, दहावी व बारावीची गुणपत्रके आणि एआययूचे प्रमाणपत्र ही मूळ प्रतींसह लागतात. एनआरआय दर्जा एखाद्या प्रायोजकाच्या आधारे सांगायचा असल्यास त्याचा पासपोर्ट व व्हिसा, दूतावासाचे प्रमाणपत्र, विद्यार्थ्याशी नाते दाखवणारा पुरावा आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याची हमी देणारे प्रतिज्ञापत्र एमसीसी मागते. ती कागदपत्रे पहिल्या फेरीआधी ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांतच ईमेलने पाठवावी लागतात, आणि अमेरिकेतून दूतावासाचे प्रमाणपत्र मिळवायला त्याहून अधिक दिवस लागू शकतात. अमेरिकेतील जन्मदाखला किंवा डिप्लोमा यांवर संबंधित राज्याकडून अपोस्टिल (कागदपत्र अस्सल असल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणन) करून घेतलेले असावे. दोन्ही देश हेग करारात असल्याने ते भारतात ग्राह्य धरले जाते.

प्रवेशानंतर ओसीआय कार्डधारकाला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाल्यावर भारतात डॉक्टर म्हणून व्यवसाय करण्याची मुभा २०२१ च्या त्याच अधिसूचनेने दिली आहे. २०२१ नंतरच्या कार्डधारकांना पदव्युत्तर प्रवेशालाही एनआरआय जागांचीच मर्यादा येते, हे मात्र आधीच हिशेबात धरावे. अमेरिकेत परतायचे असल्यास परदेशी पदवीधर डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणन मिळवावे लागते आणि यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षा द्याव्या लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांची मान्यता मिळाल्याने भारतीय पदवीचा तो रस्ता खुला आहे. भारतातच कायमचे राहायचे ठरल्यास, पाच वर्षे ओसीआय नोंदणी असलेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीला कलम ५ खाली भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, त्यासाठी परदेशी पासपोर्ट सोडण्याची तयारी हवी.