सर्वाधिक मूळ अल्बम कोणाचे? ‘पूर्ण सेट’ जमवायला निघण्याआधी वाचा

आमच्या काउंटरवर महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच: रॉकमध्ये सगळ्यात जास्त अल्बम कोणी काढले? विचारणारा बहुतेक वेळा कुणा एकाचा पूर्ण सेट जमवायला निघालेला असतो. त्याचे पैसे आणि कपाटातली जागा दोन्ही या उत्तरावर ठरतात. मुंबईतल्या घरात एक फळी मोकळी करायची म्हणजे काय, हे आम्ही वेगळं सांगायला नको. धोबी तलावाजवळच्या आमच्या छोट्या दुकानात जुन्या-नव्या रेकॉर्डी आणि सीडी आम्ही विकतो, विकत घेतोही. तेव्हा आम्ही कसं मोजतो, ते ग्राहकांना आधीच ठाऊक असावं म्हणून हे पत्रक.

आमच्या लेखी मूळ अल्बम कोणता

कलाकाराने स्वतः काढलेला आणि ज्यातली बहुतेक गाणी त्याच्याकडून पहिल्यांदाच येताहेत, तो मूळ अल्बम. गाजलेल्या गाण्यांचे संग्रह, जुन्याच कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं, बॉक्स सेट, नव्याने साफसूफ करून काढलेल्या आवृत्त्या हे सगळं आम्ही वेगळ्या खणात ठेवतो. यातल्या कितीतरी रेकॉर्डी ऐकायला अप्रतिम आहेत, पण मोजणीत त्या धरल्या की आकडा फुगतो.

आकडे फुगणं आपल्याला नवं नाही. लताबाईंच्या नावावर २५ हजार गाणी असल्याची नोंद गिनेसच्या १९७४ च्या आवृत्तीत झाली आणि तिला मोहम्मद रफींनी हरकत घेतली. तो वाद वर्षानुवर्षं चालला. दोघांच्या मोठेपणाला त्याने काही बाधा आली नाही, पण एकेक गाणं पुढ्यात घेऊन मोजल्याशिवाय आकडा बोलू नये, एवढं आम्ही त्यातून घेतलं.

एक उदाहरण काउंटरवरचंच. डोंबिवलीचे एक गृहस्थ वडिलांच्या माघारी त्यांची रेकॉर्डींची पेटी घेऊन आले. बीटल्सच्या दोन एलपींवर (अख्खा अल्बम मावणाऱ्या मोठ्या रेकॉर्डींवर) एकच फोटो होता: चार चेहरे, अर्धे उजेडात, अर्धे सावलीत. एकावर, म्हणजे ब्रिटिश एलपीवर, ‘विथ द बीटल्स’, दुसऱ्यावर, म्हणजे अमेरिकन एलपीवर, ‘मीट द बीटल्स’. दुसऱ्याच्या फोटोला निळसर झाक. त्यांना वाटलं, दोन वेगळे अल्बम. आम्ही दोन्ही कव्हरं पालथी घातली आणि पेन्सिलीने एकेक गाणं जुळवत गेलो. ब्रिटिश एलपीवर १४ गाणी, अमेरिकन एलपीवर १२. त्या बारांतली ९ ब्रिटिश एलपीवरची आणि उरलेली ३ सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आणि आधीच्या अल्बममधून उचललेली. मग ब्रिटिश एलपीवरची बाकी ५ गेली कुठे? अमेरिकन कंपनीने ती पुढच्या एलपीत घातली. एका अल्बमचा माल असा दोन अल्बमांत वाटला गेला. साठीच्या दशकात तिकडे हे सर्रास चालायचं, म्हणून अमेरिकन यादीत बीटल्सचे अल्बम जास्त दिसतात. ब्रिटनमध्ये १९६३ ते १९७० या काळात त्यांचे मूळ अल्बम निघाले १२. ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ धरला तर १३. आम्ही १३ धरतो. रोलिंग स्टोन्सच्या सुरुवातीच्या अल्बमांचीही हीच गत आहे, त्यांची ब्रिटिश यादी वेगळी आणि अमेरिकन वेगळी.

गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सबाबत तर फारच जपून राहा. १९७० च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, तोवर त्याचे स्टुडिओ अल्बम होते फक्त तीन. चौथा ‘बँड ऑफ जिप्सीज’ कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेला, पण त्यातली गाणी नवी होती, म्हणून आमच्या हिशेबात तो मूळच. म्हणजे चार. त्याच्या नावाने बाकी जो ढीग दिसतो तो मागाहून निघालेला आहे. दुकान नवं होतं तेव्हा एका घाऊक व्यापाऱ्याने आम्हाला ‘पूर्ण हेन्ड्रिक्स’ म्हणून एक खोकं विकलं. घरी नेऊन उघडलं तर त्यात त्या तीन स्टुडिओ अल्बमांपैकी ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’च नव्हता. तेव्हापासून विकत घेताना आम्ही प्रत्येक रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून बघतो. तुमच्याकडून घेतानाही बघू, त्याचा राग मानू नका.

मग सगळ्यात जास्त कोणाचे?

अमेरिकन रॉक कलाकार फ्रँक झॅपाचं नाव आधी घ्यायला हवं. १९६६ साली पहिलाच अल्बम दोन रेकॉर्डींचा, आणि डिसेंबर १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकूण ६२. त्यानंतर घरच्यांनी त्याच्या तिजोरीतल्या टेपांवरून काढलेले धरले तर शंभरी कधीच ओलांडली. मात्र त्या ६२ मध्येही कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणं पुष्कळ आहेत. ‘यू कान्ट डू दॅट ऑन स्टेज एनिमोर’ या मालिकेचेच सहा भाग आहेत. शिवाय हा माणूस मंचावर वाजवलेल्यावर स्टुडिओत थर चढवून नवाच अल्बम करायचा. १९७९ चा ‘शेक यरबूटी’ तसाच आहे. तो लाइव्ह म्हणायचा की स्टुडिओ? आम्ही तो मूळ धरतो, कारण गाणी नवी आहेत.

नुसत्या आकड्यात मात्र बकेटहेडच्या जवळपास कोणी नाही. पांढरा मुखवटा आणि डोक्यावर चिकनची बादली घालून गिटार वाजवणारा हा अमेरिकन कलाकार. २०११ पासून तो ‘पाइक्स’ नावाने क्रमांक घातलेले छोटे अल्बम काढतो आहे. एकट्या २०१५ साली त्याने ११८ काढले, आणि ही मालिका आता तीनशेच्या वर गेली आहे. काही जण म्हणतात, अर्ध्या तासाचा कसला अल्बम? आम्हाला ते पटत नाही. बीटल्सचा पहिला अल्बम अर्ध्या तासाहून जेमतेम दोन-तीन मिनिटं जास्त आहे, आणि त्यातल्या १४ पैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. त्याला अल्बम म्हणायचं तर यालाही म्हणायला हवं. आमच्या यादीत पहिला क्रमांक बकेटहेडचा.

गाणी लिहिणाऱ्यांत आमचा जीव रॉबर्ट पोलार्डवर. ओहायोतल्या डेटन गावचा शाळामास्तर. १४ वर्षं मुलांना शिकवलं आणि सोबत ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ हा बँड चालवला. बँडचे, स्वतःच्या नावाचे आणि इतर मंडळींबरोबरचे मिळून त्याचे अल्बम शंभराच्या वर जातात. १९९४ चा ‘बी थाउजंड’ ऐका: ३६ मिनिटांत २० गाणी, घरगुती टेपवर मुद्रित केलेली. टेपची खरखर ऐकून कुणी रेकॉर्ड परत आणली तर आम्ही समजावून सांगतो की ती खरखर रेकॉर्डची नाही, मूळ ध्वनिमुद्रणातलीच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’ने २०१७ मध्ये पाच अल्बम काढले आणि २०२२ मध्ये पुन्हा पाच. २०१७ चा ‘पॉलिगोंडवानालँड’ त्यांनी फुकट दिला आणि ज्याला हवं त्याने रेकॉर्ड छापावी असं जाहीर केलं. त्यामुळे जगभरातल्या लहान लहान कंपन्यांनी तो छापला. कव्हरं वेगळी, रंग वेगळे, पण अल्बम एकच. हा दोनदा विकत घेणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

एवढे अल्बम निघतात कसे, तर ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणि लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, दोन्ही स्वतःच्या हातात असतात म्हणून. झॅपाने १९७९ च्या सुमारास स्वतःचं लेबल काढलं, घरात स्टुडिओ बांधला. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. मोठ्या कंपनीला दोन अल्बमांत अंतर हवं असतं, आधीचा खपायला वेळ मिळावा म्हणून. तरीही बॉब डिलनने १९६२ ते २०२० या काळात ३९ स्टुडिओ अल्बम दिले आणि नील यंगही चाळिशीपार आहे. लेड झेपलिनचे मात्र ८, आणि बँड मोडल्यावरचा ‘कोडा’ धरून ९.

आणि आपल्या मुंबईचे? रंगभवनचं खुलं नाट्यगृह ज्यांनी दणाणून सोडलं त्या रॉक मशीन बँडचा पहिला अल्बम १९८८ चा, दुसरा १९९० चा. मग नाव बदलून ‘इंडस क्रीड’, त्या नावाचा १९९५ चा, आणि पुढचा थेट २०१२ मध्ये. सगळे मिळून चार. जुन्या कॅसेट असतील तर कृपा करून भंगारात देऊ नका, आमच्याकडे आणा. आम्ही त्या जपून ठेवतो.

दुकानात येताना

सेट जमवायचा असेल तर घरी असलेल्या रेकॉर्डींची यादी आणा. नुसतं नाव पुरत नाही. रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत, खोबणी संपते तिथे, एक नंबर कोरलेला असतो. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा, तो दिसेल. तो उतरवून घ्या. लेबलवर ‘दमदम’ छापलं असेल तर ती कोलकात्याच्या कारखान्यातली भारतीय छपाई, तेही लिहा. यादी पाहून तुमच्याकडे काय दोनदा आलंय आणि काय खरोखर कमी आहे, ते आम्ही सांगू. त्याचे पैसे घेत नाही. दुपारी चारनंतर गर्दी असते, शक्यतो सकाळी या.