एसबीआयसी लायसन्स फी आणि महागाईप्रमाणे तिची दरवाढ

अमेरिकेत छोट्या धंद्यांमध्ये पैसे घालणाऱ्या खासगी फंडांना सरकारी लायसन्स मिळतं, अशा फंडाला स्मॉल बिझनेस इन्व्हेस्टमेंट कंपनी म्हणतात, थोडक्यात एसबीआयसी. 1958 चा कायदा, आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असतानाचा. लायसन्स देणारं खातं म्हणजे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एसबीए). फंडाने स्वतःचं भांडवल उभं करायचं आणि त्यावर एसबीएच्या गॅरंटीने कर्ज उचलायचं, एका फंडाला जास्तीत जास्त 17.5 कोटी डॉलरपर्यंत. अ‍ॅपल, इंटेल, फेडएक्स या कंपन्यांना सुरुवातीच्या काळात असाच पैसा मिळाला होता, त्यामुळे स्कीमचं नाव मोठं आहे.

आता फी. अर्ज दोन टप्प्यांत होतो. आधी टीमची कुंडली मांडणारी लांबलचक प्रश्नावली भरायची, ती पसंत पडली तर ‘ग्रीन लाइट लेटर’ येतं, मग पैसे गोळा करून फायनल अर्ज. फीसुद्धा तशीच दोनदा. तपासायला माणसं लागतात, त्यांचा पगार करदात्याने का भरायचा, म्हणून कायद्यानेच एसबीएला लायसन्स आणि तपासणीचा खर्च अर्जदारांकडून वसूल करायची मुभा दिलीय.

गोची अशी झाली की फी वर्षानुवर्षं जागची हललीच नाही, काम मात्र वाढत गेलं. शेवटी 2017 च्या अखेरीस एसबीएने नवीन नियम काढला आणि फी टप्प्याटप्प्याने चढवली. ऑक्टोबर 2020 पर्यंत पहिल्या टप्प्याची 10,000 डॉलर आणि फायनलची 35,000 डॉलर झाली. त्यातच पुढची सोय करून ठेवली, की ऑक्टोबर 2021 पासून दरवर्षी महागाईप्रमाणे फी आपोआप वाढेल. 1 ऑक्टोबर कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं.

मोजमाप सीपीआय-यू चं, म्हणजे शहरी ग्राहकांचा किंमत निर्देशांक, 1982-84 ची पातळी 100 धरून, ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स हे सरकारी खातं काढतं तो. आलेला आकडा जवळच्या 100 डॉलरला राउंड करायचा. उदाहरणार्थ जून 2022 ला वर्षभराची महागाई 9.1 टक्के होती, ती 35,000 ला लावली तर 38,185 येतात, राउंड करून 38,200. एका वर्षात 3,200 डॉलर, आणि कुणाला वेगळा नियम काढायला नको, सुनावणी नको, फक्त सरकारी गॅझेटमध्ये, म्हणजे फेडरल रजिस्टरमध्ये, नोटीस आली की झालं.

पद्धत सोपी आहे पण तर्क जरा ढिला आहे असं म्हणावं लागेल. सीपीआय-यू मोजतो घरभाडं, किराणा, पेट्रोल. अर्ज तपासणाऱ्या वकील-अ‍ॅनालिस्ट लोकांचे पगार त्याच वेगाने वाढतात असं काही नाही. तरीपण वीस वर्षं गप्प बसून एकदम दणका देण्यापेक्षा हे परवडलं, कारण फंडाचे बजेट आधी करता येतं.

बोजा कोणावर किती, हे बघायला साधा हिशोब पुरतो. दोन्ही टप्प्यांचे मिळून 45,000 डॉलर म्हणजे 5 कोटी डॉलर उभे करणाऱ्याला 0.09 टक्के, पण जेमतेम 50 लाख डॉलरच्या फंडाला 0.9 टक्के. आणि पहिल्या टप्प्याची फी तर हातात लायसन्स येईल की नाही हे माहीत नसतानाच भरायची असते, पहिल्यांदा फंड काढणाऱ्यांना हेच नेमकं बोचतं. टक्केवारीने सगळ्यांची फी सारखी वाढवली तर ही दरी तशीच राहते, ती काही महागाईच्या सूत्राने मिटणारी नाही.

म्हणून 2023 च्या नियमात (17 ऑगस्टपासून लागू) फीचा साचाच बदलला. टीमच्या पहिल्या फंडाला पहिल्या टप्प्याची 5,000 आणि फायनलची 10,000 डॉलर, मग दुसऱ्या-तिसऱ्या फंडाला चढत जाऊन चौथ्यापासून पुढे 20,000 आणि 30,000. वर मागितलेल्या कर्जावर 0.0125 टक्के, म्हणजे पूर्ण 17.5 कोटी मागितले तर 21,875 डॉलर जास्तीचे.

आपल्याकडे जवळचा प्रकार म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या, मुंबईत बीकेसीत बसलेल्या सेबीचे एआयएफ (म्हणजे खासगी गुंतवणूक फंडांचे) नियम, 2012 चे. त्यात एसएमई फंड, म्हणजे छोट्या-मध्यम धंद्यांत पैसे घालणारा, कॅटेगरी एक मध्ये येतो आणि रजिस्ट्रेशन फी 5 लाख रुपये, ठरलेला आकडा, महागाईचं सूत्र नाही, वाढवायची तर नियमातच दुरुस्ती करावी लागते.