पोर्तुगालचे ध्वज

पोर्तुगालचे ध्वज : नैर्ऋत्य युरोपातील पोर्तुगाल या देशाचा सध्याचा राष्ट्रध्वज आणि बाराव्या शतकापासून त्या देशाने वापरलेले राजध्वज व राष्ट्रध्वज. सध्याचा ध्वज हिरव्या आणि लाल अशा दोन उभ्या पट्ट्यांचा आहे. ध्वजदंडाकडील हिरवा पट्टा लांबीच्या दोन पंचमांश, तर लाल पट्टा तीन पंचमांश असून ध्वजाची उंची व लांबी यांचे प्रमाण २:३ आहे. दोन्ही रंग जेथे मिळतात त्या रेषेवर पिवळे गोलयंत्र, म्हणजे आकाशगोल दाखवणारे कड्यांचे उपकरण, आहे. त्याचा व्यास ध्वजाच्या उंचीच्या निम्मा असतो आणि त्यावर पोर्तुगालची ढाल बसवलेली असते. हा ध्वज ३० जून १९११ रोजी अधिकृतपणे जाहीर झाला. पोर्तुगालच्या ध्वजांच्या इतिहासात एक गोष्ट सतत जाणवते. राजवट बदलली की ढालीमागच्या कापडाचा रंग बदलत गेला, पण ढाल सुमारे आठशे वर्षे टिकून राहिली. म्हणून या ध्वजाचा अभ्यास ढालीपासून सुरू करणे सोयीचे ठरते.

पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेश याची ढाल पांढरी असून तिच्यावर निळा क्रूस होता, अशी परंपरा आहे. त्याचा मुलगा सांशो पहिला ११८५ मध्ये गादीवर आला. त्याच्या काळात क्रूसाच्या जागी क्रूसाच्याच मांडणीत पाच छोट्या निळ्या ढाली आल्या आणि प्रत्येक ढालीवर रुपेरी गोल ठिपके आले. बाजूच्या दोन ढालींची टोके तेव्हा मधल्या ढालीकडे वळलेली असत. या पाच ढालींविषयी पोर्तुगालमध्ये घरोघर सांगितली जाणारी कथा अशी : ११३९ मधील ओरीकच्या लढाईआधी अफोन्सोला ख्रिस्ताचे दर्शन झाले, त्याने पाच मूर (मुसलमान) राजांचा पराभव केला आणि त्याची आठवण म्हणून पाच ढाली घेतल्या. ठिपके हे ख्रिस्ताच्या पाच जखमांचे प्रतीक मानले जातात. प्रत्येक ढालीवर पाच ठिपके धरून मधल्या ढालीतील ठिपके दोनदा मोजले की तीस ही संख्या येते, आणि ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाला मिळालेल्या तीस नाण्यांशी तिचा संबंध जोडला जातो. कथा सुंदर आहे, परंतु तिला इतिहास म्हणता येत नाही. दर्शनाची हकिगत लढाईनंतर फार उशिरा लिहिली गेली. शिवाय सुरुवातीच्या ढालींवर ठिपक्यांची संख्या ठरलेली नव्हती, ती कधी दहा-अकरापर्यंतही जाई. ठिपके पाचच असावेत हे पंधराव्या शतकाच्या अखेरीस ठरले, तेव्हा जखमांशी जोडलेला अर्थ मूळ चिन्हाचा असू शकत नाही.

ढालीभोवतीच्या लाल किनारीवरील सोनेरी किल्ल्यांचीही अशीच गोष्ट आहे. अफोन्सो तिसरा याने १२४९ मध्ये दक्षिणेकडील अल्गार्व्ह हा प्रदेश मूरांकडून जिंकून घेतला आणि तेथील किल्ले चिन्हात आले, असे पाठ्यपुस्तकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत सर्वत्र लिहिलेले आढळते. परंतु किल्ला हे शेजारच्या कास्तील राज्याचे चिन्ह होते आणि अफोन्सोची आई उर्राका ही कास्तीलची राजकन्या होती. अफोन्सो थोरला मुलगा नव्हता. भावाला पदच्युत केल्यावर तो राजा झाला. त्या काळच्या कुलचिन्हांच्या रिवाजानुसार धाकट्या मुलाने वडिलांचे चिन्ह जसेच्या तसे न वापरता त्यात काही भेद करायचा असे, आणि त्याने आईकडचे चिन्ह किनारीवर घेतले, हे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे. किल्ल्यांची संख्याही आरंभी निश्चित नव्हती. सात ही संख्या सोळाव्या शतकात, राजा सेबास्तियांव याच्या काळात कायम झाली. जिंकलेल्या सात किल्ल्यांची कथा त्यामुळे टिकत नाही.

या काळात राजध्वज म्हणजे ढालीवरील संपूर्ण चित्रच कापडभर काढलेला, बहुधा चौकोनी ध्वज असे. १३८५ मध्ये आव्हिश घराण्याचा जुआंव पहिला राजा झाला. तो आव्हिश या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा प्रमुख होता, म्हणून त्या पंथाच्या हिरव्या क्रूसाची फुलासारखी टोके लाल किनारीवर चारही बाजूंनी दिसू लागली. हिरवा रंग पोर्तुगालच्या ध्वजावर येण्याचा हा पहिला प्रसंग असून तो पुढे शंभर वर्षे राहिला. याच ध्वजाशी दुआर्ते द आल्मेइदा या ध्वजधारकाचे नाव जोडलेले आहे. १४७६ मध्ये तोरोच्या लढाईत त्याचे दोन्ही हात तोडले गेले, तरी त्याने ध्वज दातांत धरून ठेवला, असे सांगितले जाते. रणांगणात ध्वज पडणे म्हणजे राजाच पडल्यासारखे मानले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या धडपडीचा अर्थ उमगतो.

जुआंव दुसरा याने १४८५ मध्ये चिन्हाची साफसफाई केली. आव्हिशचा क्रूस काढला, बाजूच्या ढाली सरळ उभ्या केल्या आणि प्रत्येकीवर पाच ठिपके निश्चित केले. त्यानंतर आलेल्या मानुएल पहिला (कारकीर्द १४९५ – १५२१) याच्या काळात ढाल कापडभर न काढता पांढऱ्या ध्वजाच्या मधोमध ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि वर मुकुट आला. गोलयंत्र हे मानुएलचे खाजगी चिन्ह होते. आकाशगोलाची वर्तुळे धातूच्या कड्यांनी दाखवणारे हे उपकरण खगोलाच्या अभ्यासासाठी वापरीत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला तो याच राजाच्या कारकिर्दीत. त्यामुळे मानुएलचे हे चिन्ह सागरी साम्राज्याची खूण बनले आणि जहाजांवर, नाण्यांवर व दगडी बांधकामांवर सर्वत्र दिसू लागले. जुन्या गोव्यातील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचे दार पाहावे. आजची इमारत १६६१ ची असली तरी आधीच्या चर्चचे मानुएल शैलीतील प्रवेशद्वार तिच्यात जसेच्या तसे राखले आहे, आणि त्यावर कोरलेली गोलयंत्रे व क्रूस आजही स्पष्ट दिसतात. आजच्या पोर्तुगीज राष्ट्रध्वजावर असलेले उपकरण इतक्या जुन्या रूपात महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला घराजवळ पाहता येते, ही दुर्मीळ सोय आहे.

१५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल स्पेनच्या राजांच्या अंमलाखाली होता, तरीही दोन्ही राज्ये कायद्याने वेगळी राहिली आणि पोर्तुगालचा पांढरा ध्वजही तसाच राहिला. १ डिसेंबर १६४० रोजी ब्रागांसा घराण्याने स्वातंत्र्य परत मिळवले. चौथ्या जुआंवने १६४६ मध्ये ख्रिस्ताची आई निष्कलंक मारिया हिला राज्याची संरक्षक म्हणून घोषित केले. निळ्या आणि पांढऱ्या रंगांना पोर्तुगालमध्ये जे भावनिक वजन पुढे प्राप्त झाले, त्याचे एक मूळ मारियेच्या या भक्तीत आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांचा राजध्वज पांढऱ्या कापडावरचाच होता.

नेपोलियनच्या स्वारीमुळे राजदरबार ब्राझीलला गेला आणि १८१५ मध्ये पोर्तुगाल, ब्राझील व अल्गार्व्ह यांचे संयुक्त राज्य घोषित झाले. १८१६ च्या कायद्याने ढालीमागे निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी गोलयंत्र ठेवण्यात आले. ते ब्राझीलचे चिन्ह म्हणून घेतले होते. १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाला व त्याने गोलयंत्र आपल्या नव्या साम्राज्याच्या ध्वजावर घेतले. १८२६ मध्ये सहाव्या जुआंवच्या मृत्यूनंतर पोर्तुगालने ते आपल्या ध्वजावरून काढले.

त्यानंतरचा बदल यादवी युद्धातून झाला. १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर संसदेने १८२१ मध्येच निळा व पांढरा हे राष्ट्रीय रंग ठरवले होते. पुढे सहाव्या जुआंवचा धाकटा मुलगा दों मिगेल याने निरंकुश सत्ता बळकावल्यावर उदारमतवाद्यांनी अझोर्स बेटांतील तेर्सेइरा येथे राणी मारिया दुसरी हिच्या नावाने राज्यकारभार मंडळ स्थापले. या मंडळाने १८ ऑक्टोबर १८३० रोजी निळा-पांढरा ध्वज स्वीकारला. ध्वजदंडाकडे निळा, पलीकडे पांढरा आणि मध्यरेषेवर मुकुटधारी ढाल अशी त्याची रचना होती. मिगेलच्या बाजूने मात्र जुना पांढरा ध्वजच चालू ठेवला. अशा रीतीने १८३४ पर्यंत एकाच देशाचे दोन ध्वज समोरासमोर लढत होते आणि कापडाचा रंग पाहून माणूस कोणत्या पक्षाचा ते कळत असे. उदारमतवादी जिंकले आणि त्यांचा ध्वज १९१० पर्यंत टिकला. १८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज हिंदुस्थानची अधिकृत राजधानी झाली, तेव्हा तेथे हाच ध्वज होता.

लाल-हिरव्या रंगांचा उगम प्रजासत्ताकवाद्यांच्या चळवळीत आहे. ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तो शहरात राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, त्यात लाल कापडावर हिरवे वर्तुळ असलेला ध्वज फडकावण्यात आला. उठाव त्याच दिवशी चिरडला गेला, पण ते रंग टिकले. ५ ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीत लिस्बनमधील रोटुंडा चौकातील मोर्चेबंदीवर आणि बंडात सामील झालेल्या युद्धनौकांवर लाल-हिरवे ध्वजच होते. क्रांतीनंतर दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, हंगामी सरकारने ध्वज ठरवण्यासाठी समिती नेमली. चित्रकार कोलुंबानो बोर्दालो पिन्हेइरो, पत्रकार जुआंव शागश आणि लेखक आबेल बोतेल्हो हे तिचे सदस्य होते आणि त्यांच्याबरोबर दोन सेनाधिकारीही होते.

वाद मोठा झाला. कवी गेर्रा जुंकेइरो हा प्रजासत्ताकवादीच होता, पण निळा-पांढरा हा राजाचा नसून लोकांचा रंग आहे, तेव्हा फक्त मुकुट काढावा, असे त्याचे मत होते. समितीने ते मानले नाही. लाल रंग हा उत्साहाचा, लढाऊ व विजयाकडे नेणारा आहे, असे तिने मांडले. हिरव्याची बाजू मांडताना मात्र समितीला अडचण आली, कारण त्याला राष्ट्रीय परंपरेचा भक्कम आधार नव्हता. अखेर १८९१ च्या उठावाने हा रंग पवित्र केला, हेच मुख्य कारण देण्यात आले. हिरवा म्हणजे आशा आणि लाल म्हणजे देशासाठी सांडलेले रक्त, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा अर्थ नंतर रूढ झाला. ढालीच्या कथांप्रमाणे येथेही चिन्ह आधी आले व अर्थ मागाहून. मुकुट गेला, पण ढाल राहिली आणि १८२६ मध्ये वगळलेले गोलयंत्र सागरी इतिहासाची आठवण म्हणून परत आले. राजसत्ता उलथवणाऱ्यांनी राजांची दोन चिन्हे ठेवून घेतली, हा या समितीच्या कामातील सर्वांत शहाणपणाचा भाग होय. १ डिसेंबर १९१० रोजी, स्वातंत्र्य परत मिळाल्याच्या दिवशी, लिस्बनमध्ये ध्वजाचा उत्सव झाला. राजसत्तावाद्यांनी १९१९ मध्ये पोर्तोत पुन्हा निळा-पांढरा ध्वज उभारला, पण ती राजवट १९ जानेवारी ते १३ फेब्रुवारी इतकीच टिकली.

सेनादलांच्या ध्वजात दोन्ही रंग समान असतात. ढालीभोवती लॉरेलच्या फांद्या असून त्याखालील फितीवर लुईश द कामोइंश याच्या ‘ओस लुझियादास’ या महाकाव्यातील ‘हीच माझी भाग्यवान, लाडकी मातृभूमी’ या अर्थाची ओळ असते.

पोर्तुगालच्या वसाहतींना स्वतंत्र ध्वज कधीच मिळाले नाहीत, सर्वत्र राष्ट्रध्वजच लावला जाई. गोव्यात या एकाच ध्वजाचा अर्थ दोन पिढ्यांत पूर्ण पालटला. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना धर्मस्वातंत्र्य व समान नागरी हक्क दिले, आणि त्यांच्यासाठी शिक्षणाची व सरकारी नोकरीची दारे उघडली. त्या पिढीला लाल-हिरवा ध्वज मोकळ्या श्वासाचा वाटला असल्यास नवल नाही. सालाझारच्या हुकूमशाहीने १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींतील लोकांना पुन्हा दुय्यम ठरवले, आणि तोच ध्वज दडपशाहीची खूण झाला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिरंगा हाती घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा याने शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांनंतर पोर्तुगालचा ध्वज गोव्यातून उतरला. अडतीस वर्षांनी, १९ डिसेंबर याच तारखेच्या मध्यरात्री, मकाव चीनकडे सोपवण्यात आले. तेथील शेवटचा गव्हर्नर वास्को रोशा व्हिएरा घडी केलेला ध्वज छातीशी धरून उभा असल्याचे छायाचित्र पोर्तुगालमध्ये सर्वपरिचित आहे.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपवली, पण ध्वजाला हात लावला नाही. हा ध्वज हुकूमशाहीआधीचा, प्रजासत्ताकाचा होता. १९७६ च्या संविधानाच्या अकराव्या अनुच्छेदात ५ ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीने स्थापिलेल्या प्रजासत्ताकाचा ध्वज हाच राष्ट्रध्वज, असे म्हटले आहे. त्याच्या वापराचे नियम १९८७ च्या अधिनियमात आहेत आणि अवमानासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. २००४ मध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धा पोर्तुगालमध्ये झाली, त्या वेळी प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी याच्या आवाहनावरून लोकांनी खिडक्या-गच्च्यांवर ध्वज लावले आणि हा ध्वज सरकारी इमारतींबाहेर घरोघर पोहोचला. ५ ऑक्टोबर २०१२ च्या समारंभात राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्व्हा यांच्या हातून लिस्बनच्या नगरपालिकेवर ध्वज उलटा चढला. देश आर्थिक संकटात होता, आणि उलटा ध्वज ही परंपरेने संकटाची खूण असल्यामुळे त्या प्रसंगाची फार चर्चा झाली.

जुने रंग पोर्तुगालमधून पूर्णपणे गेलेले नाहीत. अझोर्स या स्वायत्त प्रदेशाचा १९७९ चा ध्वज निळा-पांढराच आहे आणि त्यावर पक्षी व नऊ बेटांचे नऊ तारे असून कोपऱ्यात पोर्तुगालची ढाल आहे. ही ढाल पोर्तुगालबाहेरही आढळते. उत्तर आफ्रिकेतील सेउटा हे शहर पोर्तुगालने १४१५ मध्ये जिंकले. १६४० मध्ये ते स्पेनच्या बाजूने राहिले आणि १६६८ च्या लिस्बन तहाने स्पेनकडे कायमचे गेले. तरीही सेउटाच्या ध्वजावर लिस्बन शहराचे काळे-पांढरे त्रिकोणी पट्टे आणि मध्यभागी किल्ल्यांची किनार असलेली पोर्तुगालची ढाल आजही आहे.