डायनासोर संपले, तेव्हा झाडांचं काय झालं?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानपाशी लघुग्रह आदळला आणि डायनासोर संपले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. झाडांवर काय गुदरलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. खरं तर जमिनीवरच्या त्या संहाराचा सर्वांत बारीक हिशेब झाडांनीच ठेवलाय. डायनासोरचं हाड नेमकं आघाताच्या वेळच्या खडकाच्या थरालगत सापडणं दुर्मीळ. परागकण आणि बीजाणू (नेच्यांसारख्या बिनफुलांच्या वनस्पतींचे धुळीसारखे प्रजननकण) मात्र चिमूटभर खडकातही ढिगाने मिळू शकतात.

त्यांचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या कमालीच्या चिवट पदार्थाचं असतं. प्रयोगशाळेत खडकाचा चुरा आधी हायड्रोक्लोरिक, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवतात. काचही विरघळवणारं हे दुसरं आम्ल वाळू-मातीची खनिजं संपवतं, पण कवचांना धक्का लावत नाही. उरलेला गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखायचा आणि मोजायचा. काम वेळखाऊ, पण त्यातून जे दिसतं ते थक्क करणारं आहे.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातले काही परागकण कोणत्या थरात एकाएकी दिसेनासे होतात, ते आधी शोधलं गेलं. नेमक्या त्याच पातळीवर लघुग्रहाची खूण असलेलं इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असणारा धातू) सापडलं. १९८१ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच्या लगेच वरच्या थरात नेच्यांच्या (फर्नच्या) बीजाणूंचं प्रमाण काही ठिकाणी ९९ टक्क्यांपर्यंत चढतं.

नेचेच का? त्यांचे बीजाणू वाऱ्यावर दूरवर जातात, परागीभवनासाठी कीटक लागत नाहीत, आणि जमिनीखालचं खोड जगलं तर त्यातूनही कोंब फुटतात. १८८३च्या ज्वालामुखी उद्रेकाने उजाड झालेल्या इंडोनेशियातल्या क्राकाताऊ बेटावरही सुरुवातीच्या वर्षांत नेच्यांचंच राज्य होतं. टक्केवारी मात्र जपून वाचायला हवी. एकच नेचा प्रचंड बीजाणू सोडतो, त्यामुळे ९९ टक्के बीजाणू म्हणजे ९९ टक्के झाडं नव्हेत.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती न्यूझीलंडमधली नोंद. तिथे नेच्यांच्याही आधी, काही मिलिमीटरच्या पट्ट्यात, बुरशीच्या बीजाणूंची गर्दी दिसते. बुरशीला ऊन लागत नाही, कुजणारं लाकूड पुरतं. आघातानंतर आकाश धुळीने आणि काजळीने झाकोळलं होतं, आणि खाली मेलेली जंगलं पडून होती.